एक रुपया आला म्हणून माणूस खरा ठरत नाही

गेल्या महिन्यात कराडहून आत्याचा फोन आला. "अरे, गेलेले पैसे चोवीस तासांत आपोआप परत येतात ना?"

पोटात गोळाच आला. हा प्रश्न कोणी सहज विचारत नाही. किती गेले? साडेचार हजार. कधी? काल दुपारी तीनच्या सुमारास. मग काल का नाही फोन केलास?

"त्यात लिहिलंय ना, चोवीस तास वाट बघा म्हणून."

'त्यात' म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरच्या एका मेसेजात. 'जुन्या वस्तू ऑनलाइन विकताय? हे सात नियम पाळा, एक रुपयाही जाणार नाही.' खाली सही 'सायबर विभाग'. कुठल्या शहराचा, कुठल्या पोलीस ठाण्याचा, काही नाही. वर हात जोडल्याची तीन चिन्हं आणि 'किमान दहा जणांना पाठवा'. आत्याने तो नीट स्टार करून ठेवला होता. घरातली पायाची शिलाई मशीन विकायची म्हणून तिने जाहिरात टाकली आणि मेसेज शेजारी ठेवून एकेक नियम पाळला. मेसेजात होतं ते थोडक्यात असं: रोख घेऊ नका. गिऱ्हाइकाचं ओळखपत्र मागा. आधी एक रुपया पाठवायला सांगा, तो आला की माणूस खरा समजा आणि मग त्याने पाठवलेला क्यूआर स्कॅन करून बाकीचे पैसे घ्या. स्क्रीनशॉट मिळाला की वस्तू द्या. शंका आली तर पिन उलटा टाका. चुकून गेलेले पैसे चोवीस तासांत परत येतात. आणि सरकारने पैसे मागण्याची रिक्वेस्टच बंद केल्यामुळे आता यूपीआयवर फसवणूक होऊच शकत नाही.

हा मेसेज नंतर मला आणखी दोन ग्रुपांवर दिसला. एका ठिकाणी तर एका निवृत्त बँकवाल्यांनीच टाकला होता. म्हणून हे लिहायला बसलो.

आधी तो एक रुपया, कारण आत्याचा घात त्यानेच केला.

फोनवरचा माणूस हिंदीत बोलत होता. आपण फौजेत आहोत, बदली झाली आहे, बायकोला शिवणकाम येतं, मशीन लागणारच आहे. घासाघीस शून्य. जी मशीन बघायला शेजारची बाईसुद्धा दोनदा आली आणि तीन हजारांच्या वर गेली नाही, ती हा न बघता साडेचार हजारांना घ्यायला तयार. इथेच थांबायला हवं होतं, पण ते आपण आता म्हणतो. आत्याने नियमाप्रमाणे एक रुपया मागितला. आला. मग त्याने चौकोनी क्यूआरचं चित्र पाठवलं, त्यावर मोठ्या अक्षरात 'पैसे स्वीकारा' लिहिलेलं. "स्कैन करो आंटीजी, आर्मी का खाता है, ऐसे ही जाता है."

मी शनिवारी कराडला गेलो तेव्हा स्वयंपाकघरातल्या ओट्याशी उभं राहून तिला विचारलं, "तो एक रुपया आला तेव्हा तू काय केलंस?"

"काही नाही. भाजी निवडत होते. टिंग वाजलं."

"स्कॅन केलंस?"

"नाही."

"पिन?"

"नाही."

"मग एक रुपया नुसता टिंग वाजून आला, तर साडेचार हजारांना स्कॅन आणि पिन कशाला?"

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मोठी रक्कम म्हणून असेल असं वाटलं." हेच तिच्यासारख्या कितीतरी जणांना वाटतं आणि त्या माणसाचा सगळा धंदा या 'असेल असं वाटलं'वर चालतो.

यूपीआय २०१६ साली सुरू झालं, तेव्हापासून यातलं सूत्र एकच आहे: पिन हा पैसे देण्याचा हुकूम आहे. घेणाऱ्याला तो कधीच टाकावा लागत नाही, रक्कम रुपया असो वा लाख. क्यूआरच्या त्या ठिपक्यांत काय भरलेलं असतं? घेणाऱ्याचा यूपीआय आयडी, त्याचं नाव आणि लिहिली असेल तर रक्कम. म्हणजे तो पत्ता लिहिलेला लिफाफा आहे. तुम्ही स्कॅन केलंत की तुमच्या फोनला कळतं, 'यांना इतके पाठवायचे आहेत.' चित्रावर वरून 'पैसे स्वीकारा' लिहा नाहीतर 'श्री गणेशाय नमः', आतला पत्ता बदलत नाही. आत्याच्या फोनात तो व्यवहार अजून दिसतो. 'दिले' आणि पुढे एका अनोळखी बाईचं नाव. फौजी पुरुष, पैसे मात्र बाईच्या खात्यात. हे नाव पिन टाकायच्या आधी स्क्रीनवर येतं, पण चष्मा बाहेरच्या खोलीत होता आणि पलीकडून तो "जल्दी करो, लिंक टाइम आउट हो जाएगा" म्हणत होता.

एक रुपया पाठवणं ही त्याची गुंतवणूक. एका रुपयात साडेचार हजार. शिवाय त्या रुपयाने दोन कामं होतात: तुमचा यूपीआय आयडी चालू आहे हे त्याला कळतं आणि तुमचा विश्वास बसतो. म्हणजे मेसेजने सुरक्षेचा म्हणून जो उपाय सांगितला तोच मुळात ठगाच्या पाठांतरातला पहिला श्लोक आहे. हा मेसेज अशाच कोण्या ठगाने लिहिला असेल का, असा संशय मला येतो. पुरावा नाही माझ्याकडे.

पुढे काय झालं तेही सांगतो. पैसे गेल्यावर तो म्हणाला, तांत्रिक अडचण आली, आता दुसरा क्यूआर स्कॅन करा, नऊ हजार एकदम परत येतील. आत्याने तोही केला, पिनही टाकला. खात्यात उरले होते दोन हजार शंभर, म्हणून व्यवहार फसला. पेन्शन जमा व्हायला चार दिवस होते, नाहीतर तीही गेली असती.

आता चोवीस तासांचं. इथे मला थोडं नमतं घ्यावं लागेल, कारण यामागे खरा नियम आहे. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयने तुमच्या खात्यातून पैसे कापले गेले आणि समोरच्याच्या खात्यात पोचलेच नाहीत, तर दुसऱ्या दिवसापर्यंत ते आपोआप परत यायला हवेत, नाहीतर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई. म्हणजे हा नियम मधेच अडकलेल्या पैशांचा. आत्याचे पैसे अडकले नाहीत, ते अगदी व्यवस्थित पोचले. चोराच्या खात्यात, पण पोचले. पोचलेल्या पैशाला हा नियम लागू नाही, आणि चोवीस तास वाट बघणं म्हणजे चोराला चोवीस तास देणं.

याला जोडून दुसरंही एक वाक्य फिरत असतं, 'तीन दिवसांत बँकेला कळवलं की रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पूर्ण पैसे परत.' हाही ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाचा अर्धा तुकडा. दोष बँकेचाही नाही आणि तुमचाही नाही, मधल्या तिसऱ्याच कोणामुळे तुमच्या नकळत खात्यातून पैसे गेले, आणि बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर मर्यादित. इथपर्यंत मेसेजवाले सांगतात. पुढची ओळ सांगत नाहीत: ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणामुळे, म्हणजे गुप्त माहिती दुसऱ्याला दिल्यामुळे वगैरे नुकसान झालं, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान ग्राहकाचं. आत्याने पिन स्वतःच्या बोटाने टाकला होता. बँकेच्या खिडकीवरच्या मुलीने हेच सांगितलं, जरा जास्तच रुक्षपणे, पण नियमाच्या दृष्टीने ती चूक नव्हती. त्याच ओळीत एक गोष्ट मात्र तुमच्या बाजूची आहे. कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून कळवणं तासावर नव्हे, मिनिटावर असतं.

कुठे कळवायचं? १९३० या नंबरवर. केंद्र सरकारची सायबर आर्थिक फसवणुकीची हेल्पलाइन आहे. आत्याच्या फोननंतर मी पुण्यातून तो लावला. पलीकडच्या माणसाने बँकेचं नाव, खाते क्रमांक, वेळ, रक्कम आणि यूटीआर नंबर, म्हणजे ॲपमध्ये प्रत्येक व्यवहारापुढे दिसणारा बारा आकडी क्रमांक, विचारला. तक्रार नोंदली की ते पैसे ज्या ज्या खात्यांत फिरलेत तिथे अडवून धरायचा प्रयत्न होतो. 'फिरलेत' हा महत्त्वाचा शब्द. असे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात, मग कुठल्यातरी एटीएममधून बाहेर. आम्ही तक्रार केली तेव्हा बावीस तास झाले होते. तक्रारीचा क्रमांक मिळाला, पैसे अजून नाहीत.

पिन उलटा टाकण्याच्या नियमावर वेळ घालवायची इच्छा नाही, पण एकदाचं सांगून टाकतो. उलटा पिन टाकला की गुपचूप पोलिसांना कळतं, ही एटीएमची जुनी लोणकढी आता यूपीआयला चिकटली आहे. अमेरिकेत १९९८ साली एकाने अशा कल्पनेचं पेटंट घेतलं होतं, पण बँकांनी ती उचललीच नाही. आपल्याकडे उलटा पिन म्हणजे चुकीचा पिन, एवढंच. आणि ज्यांचा पिन १२२१ आहे त्यांनी उलटा कसा टाकायचा, ते मेसेज लिहिणाऱ्याने कळवावं.

ओळखपत्राचा नियम तर अगदीच उफराटा. त्या माणसाने मागायच्या आधीच गणवेशातला फोटो, कँटीनचं कार्ड आणि आधार पाठवलं होतं. असे फोटो खऱ्या जवानांचे, कुठूनतरी उचललेले असतात. तुम्ही विश्वासाने उलट आपलं आधार पाठवलंत, तर पुढच्या आत्याला कदाचित तुमचंच दाखवलं जाईल.

स्क्रीनशॉट म्हणजे चित्र. हिरवी टिक, रक्कम, तारीख, सगळं दाखवणारी बनावट ॲप आहेत. 'खात्यात जमा' असा एसएमएससुद्धा पाठवतात, तो दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला असतो, बँकेच्या नावाने नाही. कधी मुद्दाम एक शून्य जास्त टाकतात आणि "चुकून पंचेचाळीस हजार गेले, वरचे परत करा" म्हणून रडतात. बघायचं ते आपल्या ॲपमध्ये, आपल्या बॅलन्समध्ये. तिथे नसेल तर आलं नाही.

मेसेज म्हणतो, रोख घेऊ नका, कारण नोटा खोट्या असतात. असतात, मान्य. पण साडेचार हजार म्हणजे पाचशेच्या नऊ नोटा. नोट तिरकी केली की मधला हिरवा धागा निळा दिसतो. नऊ नोटा तिरक्या करायला किती वेळ लागतो? शिलाई मशीन, सायकल, कपाट अशा वस्तूंना घरी येऊन, बघून, रोख देऊन घेऊन जाणारं गिऱ्हाईक हेच अजून सगळ्यात कमी कटकटीचं.

रिक्वेस्ट बंद झाल्याचं मात्र खरं आहे. १ ऑक्टोबर २०२५पासून एका व्यक्तीने दुसऱ्या व्यक्तीला यूपीआयवर पैसे मागण्याची सोय यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने बंद केली आणि ते बरंच झालं, कारण 'मंजूर करा' दाबायला लावून लुटण्याचा तो सोपा मार्ग होता. पण क्यूआर चालूच आहे, दुकानदारांच्या खात्यांवरून होणारी मागणी त्या वेळी बंद झाली नव्हती, आणि "स्क्रीन शेअर करा, मी मदत करतो" म्हणणारेही आहेत. एक खिडकी बंद झाली म्हणून घराला दार नाही असं होत नाही.

मेसेजात नसलेली एक गोष्ट माझ्याकडून. खरेदी करणारा समोर आहे, पैसे मात्र भलत्याच नावाच्या खात्यातून येतायत, तर घेऊ नका. ते कोणा दुसऱ्याचे लुटलेले निघाले तर तक्रारीच्या साखळीत तुमचं खातंही येतं आणि रक्कम गोठते. मग निरपराध असल्याचे कागद घेऊन तुम्ही बँक आणि पोलीस ठाण्याच्या चकरा मारत बसता.

मशीन शेवटी गेली. मलकापूरची एक मुलगी भावाला घेऊन आली, छोटा हत्ती घेऊन. शिवणाचा क्लास लावलाय म्हणाली. पेडल मारून बघितलं, पट्टा सैल आहे म्हणून पाचशे कमी करायला लावले. हजार रोख दिले, तीन हजार यूपीआयने. टिंग वाजलं. आत्याने चष्मा लावला, ॲप उघडलं, नाव वाचलं, मुलीलाही तिचं नाव विचारून घेतलं. मग बॅलन्स बघितला. मग दोन्ही नोटा खिडकीपाशी नेऊन तिरक्या केल्या. चहा होईपर्यंत पुन्हा एकदा बॅलन्स बघितला.

भाऊ मशीनला हात लावून ताटकळत उभा. मुलगी म्हणाली, "काकू, आता उचलू का?"