कंसांची काटकसर

प्रोग्रॅमचा इंटरफेस (दुसऱ्यांचा कोड तुमचा कोड ज्यातून वापरतो तो भाग) लिहायला बसलात की एकच पथ्य पाळा: कंस वाचवा. मेथड, म्हणजे नावानं बोलवायचं काम, म्हटली की दोन कंस आले. प्रॉपर्टीला, म्हणजे साध्या व्हेरिएबलसारखी वाचायच्या किमतीला, एकही लागत नाही. पुण्यात राहून उधळपट्टी कशाला?

'गेटबॅलन्स' अशी मेथड लिहिलीत की वाचणाऱ्याला नसत्या शंका येतात. आत काहीतरी काम चालत असेल, वेळ लागत असेल, एकदाच बोलवावी आणि उत्तर जपून ठेवावं, वगैरे. त्यापेक्षा नुसतं 'बॅलन्स' ठेवा. साधं व्हेरिएबल समजून तो बिचारा ते लूपमध्ये हजारदा वाचेल आणि तुमची प्रॉपर्टी हजारदा निमूटपणे डेटाबेसचे उंबरे झिजवून येईल. स्क्रीन का रखडते हे शोधायला मग हिंजवडी फेज तीनमध्ये अख्खी टीम शनिवारी बोलवावी लागेल. बोलवा की! शनिवारी वाकडच्या पुलाखाली गर्दीही जरा कमी असते.

ॲरेसुद्धा (घटकांची यादी) प्रॉपर्टीतूनच द्या. आतला डेटा कोणी बिघडवू नये म्हणून दर वाचनाला नवीकोरी कॉपी. फॉर लूपची अट 'लेंग्थ' विचारते तेव्हा एक, आत घटक उचलताना दुसरी. हजार घटकांना २००१ कॉप्या. (ती वरची एक, लूप संपला का ते बघायची.) असं करू नका, असं मायक्रोसॉफ्टची डॉटनेटची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दर वेळी उत्तर बदलत असेल तर मेथड करा, असंही सांगतात. आणि त्यांचंच आत्ताची वेळ सांगणारं 'डेटटाइम डॉट नाऊ' प्रॉपर्टी म्हणून मिरवतंय! तेव्हा घाबरू नका.

गेटरमध्ये (प्रॉपर्टी वाचली की चालणारा कोड) एखादा काउंटर वाढवून ठेवायला विसरू नका. वॉच विंडोत किंमत दाखवायला डिबगर (बग शोधायचं साधन) गेटर आपणहून चालवतो, म्हणजे ज्युनिअरनं बग नुसता बघायचा म्हटलं तरी आकडा पुढे सरकलेला. पोरगं चांगलं तयार होतं.

सेटरबाबत (प्रॉपर्टीला किंमत दिली की चालणारा कोड) ब्राउझरचा आदर्श ठेवा. 'डॉक्युमेंट डॉट कुकी'ला एक कुकी (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) असाइन करा. बाकीच्या जागच्या जागी, ही आपली त्यांत भर. परत वाचा, तर मिळतील त्या सगळ्या एकाच स्ट्रिंगमध्ये.

रिव्ह्यूत कोणी शहाण्यानं "याची मेथड करा" म्हटलंच, तर पहिल्या रिलीजपर्यंत "बघतो" म्हणा. रिलीज झाल्यावर म्हणा, "आता कसं बदलणार? क्लायंटचा कोड मोडेल ना!" आणि हे मात्र अगदी खरं असेल.