परदेशी पंतप्रधान आपलासा कसा करावा

परदेशात नवा माणूस खुर्चीवर बसला की आधी त्याचे आडनाव वाचा. पक्ष, जाहीरनामा वगैरे नंतर, आणि नाही वाचले तरी चालते. आडनावाच्या शेवटी 'कर' दिसला तर चहा खाली ठेवा आणि नकाशा काढा. 'कर' वजा केला की उरते ते गाव. वराडकर, म्हणजे वराड, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग. जून २०१७ मध्ये लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा ही वजाबाकी आपण दोन मिनिटांत उरकली होती. 'आमचो झील!', म्हणजे मालवणीत 'आमचा मुलगा', म्हणून मोकळे व्हा. आयर्लंड नेमके कुठे आहे ते दुसऱ्या दिवशी पाहिले तरी बिघडत नाही. 'इंग्लंडातच ना?' असे मात्र कुठल्या आयरिश माणसासमोर म्हणू नका. शंभर वर्षांपूर्वी ते लोक त्याच मुद्द्यावर लढले आहेत.

त्या पदाला तिकडे टीशॉक म्हणतात. आपण म्हणू नये. शेजाऱ्याला शॉक लागल्यासारखे वाटते.

मग नाते जुळवायला घ्या. जन्म डब्लिनचा, शिक्षण तिथलेच, आई डुंगार्वन गावची आयरिश नर्स, हे सगळे एका दमात सांगून संपवा आणि 'वडील आपल्याकडून गेलेले डॉक्टर' या वाक्यावर हवे तेवढे रेंगाळा. लिओ स्वतःही डॉक्टर, आणि शिकाऊ असताना काही काळ आपल्या केईएममध्ये होते, हा हुकमाचा एक्का. केईएमची ओपीडी पाहिलेला माणूस कुठलाही देश चालवू शकतो, असे ठणकावून सांगा. समोरचा मुंबईकर असेल तर वाद घालणार नाही.

'निवडून आला' हा शब्द जरा जपून वापरा. त्यांची निवड केली पक्षाने, आणि तीही गमतीशीर. फिन गेल पक्षात तेव्हा खासदारांच्या मतांना ६५ टक्के वजन होते, साध्या सदस्यांना २५ आणि नगरसेवकांना १०. साध्या सदस्यांनी भरभरून मते दिली ती प्रतिस्पर्धी सायमन कोव्हेनी यांना. खासदार वराडकरांकडे होते, म्हणून ते जिंकले. वरचे एका बाजूला आणि सतरंज्या उचलणारे दुसऱ्या बाजूला, ही पद्धत ऐकून तरी तुम्हाला घरच्यासारखे वाटायला हवे.

त्यांची धोरणे? कोणी विचारलेच तर एवढेच सांगा की सकाळी लवकर उठणाऱ्यांचा नेता व्हायचे, असे ते म्हणाले होते. आपले आजोबा खूश होतील. तिकडे मात्र यावरून काहूर उठले, कारण त्याचा अर्थ व्यायाम आणि दूध असा नव्हता. कर भरणारे एका बाजूला आणि सरकारी भत्त्यावर जगणारे दुसऱ्या बाजूला, असा तो हिशेब होता. त्याच्या जरा आधी, समाजकल्याणमंत्री असताना, भत्ता लाटणाऱ्यांविरुद्ध त्यांनी जाहिरातींची मोहीमही काढली होती. हे तुम्ही सांगू नका. आयर्लंडच्या राजकारणात आडनावातल्या 'कर'पेक्षा दुसराच 'कर' महत्त्वाचा आहे, हेही नको. कंपन्यांवर तेव्हा साडेबारा टक्के कर, म्हणून अमेरिकेच्या बड्या कंपन्या तिथे ठाण मांडून. ॲपलकडून १३ अब्ज युरो वसूल करा, असे युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये फर्मावले, तर 'नको आम्हाला' म्हणत आयर्लंड सरकार कोर्टात गेले. वराडकरांच्या सरकारनेही तो खटला पुढे चालवला. लक्ष्मी दारात उभी आणि घरधनी वकील शोधतोय.

आता अवघड वळण. जानेवारी २०१५ मध्ये, छत्तिसाव्या वाढदिवशी, वराडकरांनी रेडिओवर आपण समलिंगी असल्याचे सांगितले. चार महिन्यांनी आयर्लंडने सार्वमत घेऊन समलिंगी विवाहाला मान्यता दिली, आणि आणखी दोन वर्षांनी ते पंतप्रधान झाले. आपण पेढ्यांच्या गप्पा मारत होतो त्या आठवड्यात भारतात समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ लागू होते. ते बाजूला व्हायला सप्टेंबर २०१८ उजाडला. म्हणजे आमचो झील डब्लिनला पंतप्रधान आणि वराडला कायद्याच्या लेखी गुन्हेगार. त्यामुळे 'लग्नाचं काय मग त्याच्या?' असे आत्याने विचारले की तिला सोलकढी वाढा.

आगाऊ भाचा असेल तर तो याहून वाईट प्रश्न विचारतो. बाहेरून आलेल्या माणसाच्या मुलाला त्यांनी पंतप्रधान केले, आपण करू का? इथे खोकला काढावा. सोनिया गांधींच्या परदेशी जन्माच्या मुद्द्यावर १९९९ साली शरद पवारांची काँग्रेसशी फारकत झाली, नवा पक्ष निघाला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात दोघांनी मिळून राज्यात सरकारही बसवले. ही गोष्ट भाच्याच्या जन्माआधीची आहे, त्याला कळणार नाही.

वराडकर रोज रोज होत नाहीत, म्हणून सरावासाठी इतरही घ्या. गोवेकरांनी २०१५ मध्येच पोर्तुगालचे आंतोनियो कोस्ता घेतले होते. घराणे मडगावचे, घरातले नाव बाबूश, आणखी काय हवे! त्यांचा पक्ष निवडणुकीत दुसरा आला होता आणि डाव्यांच्या टेकूवर सरकार उभे राहिले, हा तपशील झाला. ऋषी सुनक तर ऐन दिवाळीत, ऑक्टोबर २०२२ मध्ये आले. आजोबा गुजरांवाल्याचे, आणि गुजरांवाला आता पाकिस्तानात, म्हणून थोडी पंचाईत होती. पण बायको कर्नाटकची, म्हणजे जावई, आणि चेहरा आशिष नेहराचा. तेवढ्यावर भागले.

पाहुणा गावी येईल तो दिवस मात्र पाळा. वराडकर २०१९ च्या डिसेंबरअखेर घरच्या तीन पिढ्यांसह वराडला आले. दौरा खासगी होता, म्हणजे आपल्याकडे गावभर. त्यानंतर दीडच महिन्यात आयर्लंडमध्ये निवडणूक झाली आणि त्यांचा पक्ष जागांमध्ये तिसरा आला. ती बातमी वाचू नये. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा पंतप्रधान झाले आणि २०२४ मध्ये आपण होऊन पायउतार झाले, तोवर आपण सुनकांत गुंतलेलो होतो.

आपणच असे करतो म्हणून ओशाळू नका. आयरिश लोक आपले गुरू आहेत. बराक ओबामांच्या आईकडच्या खापरपणजोबांचे वडील मनीगॉल नावाच्या खेड्यातून अमेरिकेला गेले, असा शोध लागला. गाव रंगले, २०११ च्या मे महिन्यात ओबामा येऊन गिनेस पिऊन गेले, आणि पुढे तिथे हमरस्त्यावर 'बराक ओबामा प्लाझा' उभा राहिला. पेट्रोल भरा, बर्गर खा, वरच्या मजल्यावर ओबामांचे प्रदर्शन पाहा.

आपणही कसाल फाट्यावर 'लिओ वराडकर प्लाझा' काढायला हरकत नाही. डिझेल, वडे-सागोती, वर फोटो. सिंधुदुर्गातला रस्ता झालेला आहे. पण गिऱ्हाईक मुंबईहून यायचे, आणि ते गणपतीला निघालेले असते आणि माणगावला अडकलेले असते.