याला अर्थच नाही

आमच्या गाडीनं मला पहिल्यांदा डोळा मारला तेव्हा तिचं वय तेवीस होतं आणि आम्ही दोघं चिखलात होतो.

गाडी म्हणजे जुनी पिकअप. मागं हौदा, पुढं दोन दारं आणि डॅशबोर्डवर एक गोल नॉब: टू एच, फोर एच, फोर एल. एरवी गाडी टू एचवर, म्हणजे नुसत्या मागच्या चाकांच्या जिवावर चालते. चिखल, वाळू, निसरडा चढ असलं काही आलं की नॉब फोर एचवर न्यायचा, मग पुढची चाकंही कामाला लागतात. मी नॉब फिरवला. फोर एचचा दिवा लागला, विझला, लागला, विझला, असं थोडा वेळ मिचकावून गप्प झाला. मागची चाकं जागच्या जागी फिरून माझ्याच काचेवर चिखल उडवत होती आणि पुढची दोन बघ्यांसारखी उभी होती. शेवटी एका ट्रॅक्टरनं ओढून काढलं. ट्रॅक्टरवाला काय म्हणाला ते इथं लिहिण्यासारखं नाही.

जुन्या फोर बाय फोर गाड्यांना गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक दांडा असायचा. तो ओढला की खाली ट्रान्सफर केसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या पेटीत, लोखंड लोखंडाला भिडायचं आणि ‘खट्’ असा आवाज यायचा. दांडा म्हणजे हुकूम. नॉब म्हणजे अर्ज. हा अर्ज डॅशबोर्डमागच्या एका काळ्या डबीकडे जातो, तिला मॉड्यूल म्हणतात. मॉड्यूल आधी चौकशी करतं: गाडीचा वेग किती, गिअर कुठं आहे, मोटर सध्या कुठल्या जागेवर आहे. फोर एल, म्हणजे चारही चाकं पण सावकाश आणि जास्त जोरानं, हवं असेल तर अटी आणखी कडक, गाडी जवळजवळ उभी हवी आणि गिअर न्यूट्रलमध्ये. सगळं मनासारखं असेल तर ट्रान्सफर केसवर बसवलेल्या मोटरला करंट मिळतो, मोटर आतला फोर्क सरकवते, तिच्यातला सेन्सर ‘पोचलो’ म्हणून कळवतो आणि पुढचा अ‍ॅक्सल जोडला जातो. या साखळीत कुठंही कुणी रुसलं की अर्ज परत. कारण द्यायची पद्धत नाही. नुसता डोळा मारायचा.

घरी आल्यावर मी शास्त्रशुद्ध पद्धतीनं सुरुवात केली, म्हणजे जे हाताला सहज लागेल ते आधी. फ्यूज पाहिले, शाबूत. रिले, म्हणजे करंट जोडणारी-तोडणारी छोटी डबी, काढला. फ्यूज बॉक्समध्ये एकाच जातीचे चार-पाच रिले असतात, त्यामुळे हॉर्नचा चांगला रिले काढून फोर बाय फोरच्या जागी घालून बघणं ही फुकटची चाचणी आहे. फरक पडला नाही. फोर बाय फोरचा रिले मी परत जागेवर बसवला आणि हॉर्नचा माझ्या शर्टाच्या खिशात बसवला. हे चार दिवसांनी एका म्हशीच्या मागं उभा असताना लक्षात आलं.

मग शेजारचे काका आले. काकांना गाड्यांतलं कळतं, असं काकांचं मत आहे. त्यांनी खाली वाकून मोटर पाहिली आणि म्हणाले, “अरे, अडकलीय ती. दोन टोले दे.” मी हातोडीच्या मुठीनं मोटरवर दोन ठोके दिले, आत येऊन नॉब फिरवला, आणि काय सांगू, खालून ‘घुर्रर्र’ झालं आणि फोर एचचा दिवा लागून राहिला. ठाम. काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पुढचे पंधरा दिवस त्यांना नमस्कार करताना मला किंचित वाकावं लागलं.

आनंदाच्या भरात मी एक चूक केली. फोर एच लावलेली गाडी मी कोरड्या डांबरी रस्त्यावर फिरवून आणली. आमच्या असल्या गाडीत पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलच्या मध्ये डिफरन्शियल, म्हणजे दोघांना वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारी गिअरांची जुळणी, नसतं. वळताना पुढची चाकं मोठ्या वर्तुळातून जातात, मागची लहान वर्तुळातून, पण दोन्ही शाफ्टना एकाच वेगानं फिरायची सक्ती. मातीत असतो तर टायर थोडे घसरून हिशेब मिटला असता. डांबर सोडत नाही. मग सगळा ताण शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये पिळासारखा साठत जातो आणि आतले दाते एकमेकांना असे घट्ट धरतात की मोटरला सुटत नाहीत. घराच्या कोपऱ्यावर वळताना टायर चिरकले, स्टेअरिंग जड झालं, मी घाबरून टू एचवर नॉब आणला. दिव्यानं डोळा मारला. आता लागेना ही तक्रार संपली होती, सुटेना ही सुरू झाली होती.

यावर उपाय सोपा आहे: रिव्हर्समध्ये सरळ थोडं मागं जायचं, पीळ उलगडतो. मी गेलो. पहिल्या दहा फुटांत काही झालं नाही म्हणून आणखी गेलो. गल्लीतली पोरं सायकली थांबवून बघत होती. आमच्या दारावरून मी उलटा गेलो तेव्हा बायको गच्चीत होती. तिनं काही विचारलं नाही. लग्नाला एवढी वर्षं झाली की माणूस उलटा जाताना दिसला तरी प्रश्न पडत नाहीत. पार गल्लीच्या तोंडाशी ‘टक्’ असा आवाज झाला आणि गाडी एकदम हलकी झाली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा मिचकावणं. टोले दिले. दोनाचे चार, चाराचे आठ. काका म्हणाले, “तू मनापासून मारत नाहीस.”

आता मी पुढच्या अ‍ॅक्सलकडे वळलो. माझ्या गाडीत तो व्हॅक्यूमवर जोडला जातो. इंजिनच्या ओढीतून आलेली एक बारीक रबरी नळी पडद्याच्या डबीपर्यंत जाते, पडदा ओढला जातो, दांडी सरकते. इंजिनच्या कडेनं जाणारं रबर तेवीस वर्षांत काय होतं? नळी हातात घेतली आणि तिचा शेंगदाण्याच्या टरफलासारखा तुकडा पडला. सापडलं! मी नवी नळी टाकली, क्लिपा लावल्या, हात पुसले, घरात जाऊन सगळ्यांना गोळा केलं. सगळ्यांसमोर दिवा मिचकावला. जुन्या गाडीत एक बिघाड शोधताना दुसराच सापडतो, आणि तो खरा असतो, दुरुस्तही होतो, फक्त आपला नसतो.

मग मल्टिमीटर आणला. बॅटरी १२.६ व्होल्ट, म्हणजे पूर्ण भरलेली. मॉड्यूलचा प्लग काढून त्याच्या पिनांवर मोजलं, तिथंही १२.६. नॉबच्या मागच्या पिना साफ केल्या. मोटरच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज चढला होता, तो स्प्रे मारून, जुन्या टूथब्रशनं घासून काढला. सगळीकडे सगळं ठीक. मीटर सांगत होता गाडी ठणठणीत आहे, गाडी डोळा मारत होती आणि मी मध्ये उभा.

शेवटी मिस्त्रींकडे गेलो. म्हातारा माणूस, बोलणं कमी. मल्टिमीटर बघून ते नुसते हसले. त्यांच्याकडे एका जुन्या हेडलाइटच्या बल्बला दोन वायरी जोडलेलं एक यंत्र होतं, यंत्र म्हणजे तेवढंच. डॅशबोर्डखाली डोकं घालून त्यांनी ते कुठं कुठं लावलं. बल्ब एकदा लख्ख लागला, एकदा आजाऱ्यासारखा पिवळा. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, दुसरं गिऱ्हाईकही येऊन उभं राहिलं. मी घाईघाईनं विचारलं, “मिस्त्री, नवी मोटर टाकून घेऊ का?”

फोनवर हात ठेवून ते म्हणाले, “मोटर टाकून काय करणार साहेब? याला अर्थच नाही.”

मला वाईट वाटलं. तेवीस वर्षांचा संसार आणि एका वाक्यात निकाल. घरी येताना मी गाडीशी मोठ्यानं बोललो, ‘अर्थ नसला तर नसू दे, मी तुला सोडणार नाही.’ आणि त्या भरात नवी मोटर मागवली.

मोटर बसवणं हे काम सांगायला तीन-चार बोल्टांचं. त्यातला वरचा बोल्ट अशा जागी की तो दिसत असेल तर पाना लागत नाही आणि पाना लागला तर बोल्ट दिसत नाही. शिवाय नवी मोटर आणि आतला शाफ्ट एकाच स्थितीत जुळायला हवेत, नाहीतर सेन्सर खोटं सांगणार. मी पाठीवर झोपून, तोंडात टॉर्च धरून, एका हाताच्या तीन बोटांनी दोन तास तो बोल्ट फिरवत होतो. दर ओढीला पाना एक दाता सरकायचा. मधे एकदा गंजाचा पापुद्रा डोळ्यात गेला आणि मीही गाडीला डोळा मारला. संध्याकाळी सगळं बसलं. नॉब फिरवला.

काय झालं ते सांगत नाही. नवा नॉबही मागवला, एवढंच सांगतो. त्यानंही काही झालं नाही.

रात्री जेवताना बायको म्हणाली, “मिस्त्री नेमकं काय म्हणाले होते?”

“म्हणाले, याला अर्थच नाही.”

“मग तुम्ही काय केलंत?”

“काय करणार? आलो निघून.”

ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “अहो, आपल्या वॉशिंग मशीनचा शॉक बसत होता, तेव्हा वायरमन काय म्हणाला होता?”

मी घास खाली ठेवला. वायरमन म्हणाला होता, याला अर्थ नाही.

ताट तसंच ठेवून मी टॉर्च घेऊन खाली गेलो, मागोमाग ती. मल्टिमीटरनं आतापर्यंत मला फसवलं होतं असं नाही, मी त्याला प्रश्नच चुकीचा विचारत होतो. मोटर बंद असताना, प्लग काढून मोजलं की वायरीतून करंट जवळजवळ वाहतच नाही, त्यामुळे कितीही सडक्या जोडातून बारा व्होल्ट इमानदारीत दिसतात. काम पडल्यावर जोड किती खातो ते बघायला हवं. म्हणून प्लग जागेवर बसवला, मीटरची एक वायर बॅटरीच्या निगेटिव्हला, दुसरी मॉड्यूलच्या अर्थच्या पिनेला, म्हणजे जिथून करंट चासीवाटे बॅटरीकडे परत जातो तिथं, मागून टोचून, आणि बायकोला म्हटलं, “फिरव.” तिनं नॉब फिरवला. इथं ०.२ च्या आतच दिसायला हवं होतं. दिसले ५.८. जवळपास निम्मी बॅटरी त्या एका जोडात संपत होती. मोटरच्या वाट्याला काय राहणार?

वायर धरून मागं मागं गेलो. ती चासीला एका बोल्टखाली येऊन थांबत होती. बोल्ट खोलला, लग, म्हणजे वायरीच्या टोकाची धातूची कडी, उचलला. खाली, नाण्याएवढ्या जागेवर, अतिशय सुंदर, गुळगुळीत, दोन हातांचा काळा रंग होता.

गेल्या वर्षी गंज लागू नये म्हणून चासी रंगवली होती. व्यवस्थित काम हवं म्हणून अर्थचे बोल्टसुद्धा काढून, खालून रंग मारून, वाळल्यावर परत लावले होते. कुणी, ते बायकोनं विचारलं नाही. ती टॉर्च धरून उभी होती आणि उजेड माझ्या तोंडावर येत होता.

सँडपेपरनं ती जागा चकचकीत होईपर्यंत घासली, लग घासला, बोल्ट आवळला. मीटर ०.०४. खालून ‘घुर्रर्र’, आणि फोर एचचा दिवा लागून राहिला. मी दहा वेळा लावलं, दहा वेळा काढलं. टोल्यांनी एकदा चाललं होतं ते का, हेही कळलं. त्या दणक्यानं लग जरा हलून कुठंतरी कडेनं टेकला असणार. काकांना हे अजून सांगितलेलं नाही. जुनी मोटर मी टेबलावर ठेवून थेट बॅटरीवर लावून पाहिली. ती डावीकडे फिरली, वायरी उलट्या लावल्यावर उजवीकडे फिरली. उत्तम आहे.

काल काका येऊन म्हणाले, “अरे, तो चासीचा काळा रंग उरलाय का? माझीही गाडी एकदा रंगवून टाकावी म्हणतो.” मी डबा दिला. ब्रश दिला. फाटकापर्यंत गेले होते, तेव्हा मागून धावत जाऊन सँडपेपरही दिला.

“हा कशाला?” ते म्हणाले.

“लागेल,” मी म्हटलं.