तोट्यातल्या पेपरात सुखाने नोकरी कशी करावी

परवा पुतण्याचा फोन आला, काका बारावीनंतर जर्नालिझम करू का. मी नेमका तेव्हा पीएफचं पासबुक उघडून बसलो होतो, त्यामुळे जे तोंडाशी आलं ते गिळावं लागलं, कारण फोन स्पीकरवर होता आणि वहिनी ऐकत होत्या. "बघू, निवांत बोलू" म्हटलं आणि ठेवला. तर हे निवांत बोलणं. त्याच्यासारखी अजून कुणी पोरं या लाइनीत यायचं म्हणत असतील तर त्यांनीही वाचा, एकवीस वर्षांचा अनुभव फुकट देतोय, तसंही आमच्याकडे सगळं फुकटच मागतात.

सगळ्यात आधी, पगाराची तारीख विचारायची नाही. वाईट दिसतं. "झाला का?" एवढाच मेसेज डेस्कच्या ग्रुपवर टाकायचा, सगळ्यांना कळतं कशाबद्दल आहे. अकाउंट्समधल्या माणसाला चहा पाजत राहा, तो "फाइल वर गेलीय" म्हणेल. ती वर कुठे जाते हे कुणी पाहिलेलं नाही. ५ तारखेला घराचा हप्ता असतो, तेव्हा बँकवाल्याला नम्रपणे सांगा की आम्ही लोकशाहीचा चौथा खांब आहोत. तो खांबालाही बाऊन्स चार्ज लावतो.

६ जानेवारी चुकवू नका. पत्रकार दिन. १८३२ मध्ये याच दिवशी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढलं असं प्रत्येक वक्ता सांगतो, ते १८४० मध्ये बंद पडलं हे कुणीच सांगत नाही. नगरपालिकेच्या सभागृहात शाल आणि पेन मिळतो. पेन जपून ठेवा, ऑफिसात स्टेशनरी बंद झालीय.

तालुक्याला बातमीदार म्हणून नेमलं तर पगार किती असं विचारून स्वतःचं हसं करून घेऊ नका, पगार नसतोच, जाहिरातीवर कमिशन असतं. म्हणजे सकाळी नेत्याच्या रस्त्यातले खड्डे छापायचे आणि दुपारी त्याच नेत्याकडे वाढदिवसाची अर्धं पान जाहिरात मागायला जायचं. तो जाहिरात देतो, पैसे देत नाही. दिवाळीची जाहिरात होळीपर्यंत वसूल झाली तर नशीब. मध्येच इलेक्शन लागलं आणि तो पडला की मग फोनच उचलत नाही, ऑफिस मात्र उचलतं, आणि बुडालेलं बिल तुमच्या कमिशनमधून वळतं होतं.

मजिठियाचं, म्हणजे पत्रकारांचे पगार ठरवायला नेमलेल्या वेतन आयोगाचं, नाव काढू नका. (ज्यांना माहितीय त्यांना माहितीय. २०१४ ला सुप्रीम कोर्टाने आयोग उचलून धरला, आणि आमच्याकडे एक फॉर्म फिरला, "मी आहे त्या पगारात समाधानी आहे." मी पण सही केली. दोन मिनिटांत समाधानी झालो.)

डिजिटलला टाकलं तर खूश व्हा, ते म्हणे भविष्य आहे. तिथे दिवसाला पंचवीस बातम्या पाडायच्या. सोन्याचा भाव, राशीभविष्य, आणि "लाडक्या बहिणींनो, १५०० रुपये खात्यात कधी येणार? मोठी अपडेट!" आत सहा परिच्छेद लिहायचे आणि शेवटी सांगायचं की तारीख अजून जाहीर झालेली नाही. ही बातमी मी स्वतः किती वेळा लिहिली मोजलेलं नाही, पण एका महिन्यात असं झालं की बहिणींचे आले आणि आमचे आले नव्हते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये झालेली पगारकपात तात्पुरती आहे. अजूनही.

आता पीएफ. पीएफबद्दल असं, की स्लिपवर कापलेला दिसला की समाधान मानायचं, पासबुक कशाला उघडायचं. मी उघडलं. मुलीच्या ॲडमिशनला थोडे काढावे म्हटलं. तर शेवटची एंट्री सप्टेंबरच्या आधीची. स्लिप बघितली, त्यावर दर महिन्याला बारा टक्के व्यवस्थित कापलेले, पैशापर्यंत हिशोब. म्हणजे माझ्याकडून घेतले आणि भरलेच नाहीत. एचआरला विचारलं तर ती मुलगी बिचारी म्हणाली सर सिस्टिम इश्यू असेल, आणि आवाज बारीक करून म्हणाली माझे पण नाहीत. सिस्टिम इश्यू कसला? पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचे असतात, कामगाराचा कापलेला पीएफ न भरणं हा विश्वासघाताचा गुन्हा धरला जातो, हे मला माहितीय कारण मीच छापलंय. साखर कारखान्याने कामगारांचा पीएफ थकवला होता तेव्हा पहिल्या पानावर पाच कॉलम लावली होती ती बातमी, हेडिंग माझं होतं, संपादकांनी मीटिंगमध्ये कौतुक केलं. एसटीचा संप झाला २०२१ ला, तेव्हा पाच महिने आम्ही कंडक्टर-ड्रायव्हरच्या घरी जाऊन त्यांच्या चुलीपर्यंतच्या स्टोऱ्या केल्या, ड्रायव्हरची बायको सांगत होती किराणावाला उधार देत नाही, आणि आमचा फोटोग्राफर तिचा फोटो काढत होता, त्याच्या स्वतःच्या किराणावाल्याला चुकवून तो मागच्या गल्लीने घरी जायचा. त्याची बातमी कुठे लावू? कुठल्या पानावर?

जाऊ दे, सल्ले द्यायचे होते. सुचत नाहीयेत.

पेपर तोट्यात आहे हे आम्हाला कळत नाही का? कागद महाग झाला, जाहिराती मोबाइलवर गेल्या, सगळं मान्य. आम्हीच पानं सोळाची बारा करताना बघितलीत, आम्हीच दोघांचं काम एकाने उचललंय. पण तोटा झाला की तो फक्त सबएडिटर आणि प्यूनच्याच खिशातून कसा भरून निघतो? साहेबांची नवी गाडी पार्किंगमध्ये उभी आहे, तिच्यावरून मार्केटिंगवाले गाडीच्या कंपनीला जाहिरात मागतायत. आणि वर्धापनदिनाच्या स्टेजवर "आपण एक कुटुंब आहोत" म्हणताना काहीच वाटत नाही? कुटुंबात कुणी पोराच्या डब्यातली पोळी काढून घेतं का?

आणि तुम्ही, सकाळी साडेसहाला सोसायटीच्या ग्रुपवर आख्ख्या पेपरची पीडीएफ टाकणारे. रद्दी साठते म्हणून पेपर बंद केलात आणि त्याच ग्रुपवर लिहिता सगळे पत्रकार विकले गेलेत. अहो, विकलो गेलो असतो तर मुलीची फी भरली असती.

साहेब, तुम्ही हे वाचणार नाही, पण कुणीतरी स्क्रीनशॉट पाठवेलच, आपल्याकडे तेवढं काम वेळेवर होतं. कुटुंब राहू दे, शाल राहू दे. माझ्या पगारातून कापलेले पैसे आधी भरा. सप्टेंबरपासूनचे. प्यूनचे पण.