मामाची ट्रंक, पंचवटी एक्स्प्रेस आणि महालक्ष्मीचे घोडे

दिवाळीच्या आवराआवरीत विंचूरला मामाची पत्र्याची ट्रंक उघडली. वर कांद्याच्या हिशोबपट्ट्या, वर्षवार सुतळीनं बांधलेल्या. त्याखाली रेसची पुस्तकं, पंचवीस-तीस तरी असतील. मामा त्यांना 'कोल' म्हणायचा. प्रत्येक रेससमोर शिसपेन्सिलीच्या खुणा, समासात काहीतरी आकडेमोड, आणि रेस झाल्यावर पहिल्या तिघांचे नंबर. फक्त शेवटच्या रेसचं पान प्रत्येक पुस्तकात अर्धवट. खुणा आहेत, निकाल नाही.

मामीला विचारलं तर हसायलाच लागली. "शेवटची रेस त्यांनी बघितली कुठं? परतीची पंचवटी गाठायची असायची ना."

मामा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. कांद्याचे पैसे हातात आले की वर्षातून दोन-तीनदा तो लासलगावहून सकाळची पंचवटी पकडायचा, दादरला उतरून लोकलनं महालक्ष्मी. सातवीत असताना एकदा मलाही घेऊन गेला (घरी सांगितलं, राणीची बाग दाखवतो). आठवतंय ते असं, की शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्याला टेकून तो घोडे बघत होता, अगदी बैल पारखावा तसा. "कान बघ. कान मागं पाडलेला नको. आणि आत्ताच घामाघूम झालेला तर नकोच नको." मग घोडे समोरून गेले. टीव्हीवर तो आवाज येत नाही. पायाखालची जमीन आधी हलते, मग घोडे दिसतात. त्या दिवशी मामा हरला. वडापाव खाल्ला आणि पळतपळत दादर गाठलं. कसाऱ्यापर्यंत तो एक शब्द बोलला नाही, आणि इगतपुरी आल्यावर म्हणाला, "घोडा चांगला होता रे."

हे सगळं आठवायचं कारण वेगळं आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हा साबण, बिस्किटं, गाड्या स्वस्त झाल्याचे मेसेज सगळ्यांनी फॉरवर्ड केले. घोड्यांच्या शर्यतीवरचा कर २८ टक्क्यांवरून ४० टक्के झाला, हे कुणाच्या गावीही नव्हतं. बरं, कुणाला वाईट वाटावं अशी ती गोष्टही नाही. जुगार आहे, लागू द्या कर, असंच कुणीही म्हणेल. मीही म्हटलं असतं. पण तो कर कशावर लागतो ते बघा.

रेसकोर्सवर टोट असतो. सगळ्यांनी लावलेले पैसे एका गल्ल्यात जमतात. त्यातून कर आणि शर्यती भरवणाऱ्या क्लबचं कमिशन वजा होतं, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटलं जातं. क्लबची कमाई म्हणजे ते कमिशन. पण जीएसटी कमिशनवर नाही, लावलेल्या पूर्ण रकमेवर आहे. आपल्या भाषेत सांगतो. लासलगावला अडत्याकडून त्याच्या अडतीवर कर न घेता ट्रॉलीतल्या सगळ्या कांद्याच्या किमतीवर ४० टक्के घेतला, तर मार्केट किती दिवस चालेल? आणि इथे तर तोच कांदा दिवसातून पाच वेळा विकला जातो. पहिल्या रेसमध्ये जिंकलेले शंभर दुसऱ्या रेसमध्ये लावले की पुन्हा पूर्ण रकमेवर कर, तिसऱ्यात लावले की पुन्हा. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर तो वेगळाच.

आता खेळणारा काय करतो? खेळायचं थोडीच सोडतो. खिशातून मोबाइल काढतो आणि बेकायदा बुकीला फोन लावतो. तिथे ना जीएसटी, ना टीडीएस, उधारीही चालते. म्हणजे सट्टा होता तितकाच राहिला. सरकारचा कर बुडाला, क्लबचं कमिशन बुडालं, आणि त्या कमिशनवर ज्यांचं घर चालतं त्यांचंही बुडालं. बक्षिसाची रक्कम मुख्यतः त्यातूनच येते. बक्षीस आटलं की मालक घोडे कमी करतो, घोडे कमी झाले की ट्रेनर माणसं कमी करतो. आणि ट्रेनरकडची माणसं म्हणजे सईस. पहाटे चारला उठून दोन-तीन घोड्यांचं दाणापाणी, खरारा, लीद काढणं, घोडा आजारी पडला तर त्याच्याच शेजारी झोपणं. पावसाळ्यात पुण्याचा सीझन, हिवाळ्यात मुंबईचा, आणि घोड्यांच्या ट्रकबरोबर हेही घाट चढून-उतरून जातात. टोप्या घालून पेज थ्रीवर फोटो येतात ते हे नव्हेत.

गंमत अशी की हा जुगार नाही असं १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय. तमिळनाडू सरकारनं १९७४ मध्ये शर्यती बंद करणारा कायदा केला होता, त्यावरच्या खटल्यात कोर्ट म्हणालं की घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ आहे. पण कर लावताना पंगत कॅसिनोबरोबरच.

पैशाचं झालं. राजकारण त्याहून मजेशीर आहे, कारण सगळा खेळ जमिनीचा. महालक्ष्मीवर १८८३ पासून शर्यती होतात. जागा २११ एकर, थोडी महापालिकेची, बरीचशी राज्य सरकारची, आणि भाडेपट्टा संपला मे २०१३ मध्ये. तेव्हा महापालिकेत शिवसेना होती आणि तिला तिथे थीम पार्क हवं होतं. दहा-अकरा वर्षांनी पार्कचा प्रस्ताव दुसऱ्यांनी आणला, तर ठाकरे गट रेसकोर्स वाचवायला उभा राहिला. मी कुणा एकाला नावं ठेवत नाहीये. कुंभमेळ्यासाठी तोडायच्या आपल्या तपोवनातल्या झाडांवर कोण कधी काय बोललं हे नाशिककरांनी नुकतंच बघितलंय. शेवटी २०२४ मध्ये क्लबच्या सभासदांनी बहुमतानं १२० एकर सोडून दिली. उरलेल्या ९१ एकरांवर २०५३ पर्यंत शर्यती चालतील. सुटलेली जागा आणि कोस्टल रोडची जागा मिळून मोठं उद्यान होणार आहे.

हे तरी बरं झालं असं म्हणायची वेळ आहे. चेन्नईला गिंडीचं रेसकोर्स सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारनं सील केलं. १६० एकर जागा, वर्षाचं भाडं ६१४ रुपये! थकबाकी मात्र ७३० कोटींची दाखवली. उटीचंही त्याच वर्षी गेलं. सिंगापूरनं १८० वर्षांहून जुनी रेसिंग ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद केली, तिथे आता घरं बांधणार. मकाऊचं त्याच वर्षी एप्रिलमध्ये मिटलं.

वर्षाला ६१४ रुपये भाडं वाचून तुम्हाला जे वाटलं, तेच मलाही वाटलं. क्लबवाल्यांबद्दल कळवळा यावा असं ते वागलेच नाहीत कधी. मेंबर्स एन्क्लोजर वेगळं, आपल्यासारख्यांचं वेगळं. शंभर वर्षं नाममात्र भाड्यात काढली तेव्हा आजूबाजूच्या शहराशी नातं जोडायची गरज वाटली नाही, आणि आता वारसा आठवतो. घोड्यांचंही तेच. शर्यतीचा घोडा दोन-तीन वर्षांचा असताना पळायला लागतो, सहा-सातचा झाला की संपला, आणि जगतो वीस-पंचवीस वर्षं. उरलेल्या वर्षांत त्याचं काय होतं? काही पैदाशीसाठी स्टड फार्मवर जातात, काहींना रायडिंग स्कूल मिळतं. बाकीच्यांबद्दल क्लब फारसं बोलत नाहीत. प्राणीमित्रांचा हा प्रश्न मला रास्त वाटतो.

बैलगाडा शर्यतीचं आठवा. २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. मग २०१७ मध्ये विधिमंडळानं कायदा बदलला, डिसेंबर २०२१ मध्ये सशर्त परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठानं कायदा उचलून धरला. सगळे पक्ष एका सुरात बोलत होते, कारण शर्यतीच्या घाटावर पन्नास हजार माणूस जमतो आणि त्यातला प्रत्येक जण मतदार असतो. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोड्यांचा बाजार भरतो तर तिथे सरकार महोत्सव करतं. महालक्ष्मीच्या सईसाचं मत असतं बिहारात नाहीतर साताऱ्याच्या एखाद्या गावात. त्याच्यासाठी कोण विधिमंडळात उभं राहणार?

जाता जाता एक सांगतो, कारण बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. सायरस पूनावालांचं घराणं घोड्यांच्या पैदाशीतलं. त्यांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडे, त्यांच्या रक्तापासून औषधी सीरम बनवायला, मुंबईच्या हाफकिन संस्थेत जायचे. ते आपणच का बनवू नये, या विचारातून १९६६ मध्ये पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. कोविडमध्ये दंडात टोचून घेतलेल्या कोविशिल्डच्या पाठीमागे कुठेतरी रेसचे घोडे आहेत.

माझं म्हणणं एवढंच की सरकारला हे नको असेल तर सरळ बंदी घालावी आणि सईसांची सोय लावून मोकळं व्हावं. हवं असेल तर कर कमिशनवर घ्यावा, भाडं बाजारभावाच्या जवळपास घ्यावं, आणि निवृत्त घोड्यांचा खर्च क्लबकडून लेखी वसूल करावा. दूधही काढायचं आणि चाराही तोडायचा, हे गाईलासुद्धा चालत नाही.

"तू जुगाराची बाजू घेतोस" असं कमेंटमध्ये कुणीतरी म्हणणारच, तर आधीच सांगून ठेवतो. मामानं रेसमध्ये किती घालवले ते मामीला पैशासकट पाठ आहे. कांद्यात किती घालवले ते मात्र तिला सांगता आलं नाही. म्हणाली, तेवढं लिहायला वही कमी पडली असती.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मीला डर्बी असते, सीझनमधली सगळ्यात मोठी रेस. मी जातोय, सकाळच्या पंचवटीचं तिकीट काढलंय. परतीचं नाही काढलं. मुक्काम ठाण्याला मावसभावाकडे, म्हणजे शेवटच्या रेसपर्यंत थांबता येईल. कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. पैसे ज्याचे त्याने लावायचे.