हात दाबून धरले म्हणून मूल बोलायला लागत नाही

माझ्या मावसबहिणीचं बाळ दहा महिन्यांचं आहे. ते कर्णबधिर आहे हे कळल्यापासून ती त्याच्याशी खुणांनी बोलायला लागली होती. परवा व्हिडिओ कॉलवर त्याने मूठ उघडमीट करून दूध मागितलं, आणि तिने ती मूठ हळूच दाबून खाली धरली. का, तर व्हॉट्सॲपवर फिरणारा तो मेसेज: ‘खुणा शिकवल्यात तर मूल कधीच बोलणार नाही. हात धरून ठेवा, तोंडाने मागायला लावा. वेळ दवडू नका. जगभरच्या तज्ज्ञांनी हे मान्य केलंय.’ मलाही तो चार जणांनी पाठवलाय.

तज्ज्ञांनी मान्य केलं होतं, पण १८८० साली! इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षणावर भरलेल्या परिषदेत बोलणंच श्रेष्ठ ठरवून खुणा वर्गातून हद्दपार करायचा ठराव झाला. दीडशेहून जास्त प्रतिनिधींत कर्णबधिर फक्त एक होता. पुढे कित्येक दशकं खुणा केल्या म्हणून मुलांच्या हातांवर छड्या बसल्या, कर्णबधिर शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या. याच परंपरेतल्या परिषदेने २०१० साली कॅनडात व्हँकुव्हरला ते ठराव फेटाळले आणि झालेल्या नुकसानाबद्दल खेद व्यक्त केला. एकशेतीस वर्षं लागली त्याला. तेच आता पुन्हा आयांच्या फोनवर फिरतंय.

खुणांनी बोलणं खुंटत असतं, तर कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुलं मुकी राहिली असती. ती पाळण्यापासून खुणा करतात आणि चांगली घडाघडा बोलतात. हात धरून ठेवले म्हणून बाळाला आवाज ऐकू यायला लागत नाही. त्याला एवढंच कळतं की मागितलं की आई हात दाबते.

एक गोष्ट मात्र मेसेजमध्ये बरोबर आहे, वेळ दवडू नका. पहिल्या काही वर्षांत भाषा मिळाली नाही, तर ती उणीव नंतर भरून काढणं फार अवघड जातं. म्हणून तर स्पीच थेरपी सुरू होईपर्यंत, ऐकण्याचं यंत्र बसेपर्यंत मुलाला बिनभाषेचं ठेवायचं नाही!

खुणांबद्दल ‘हे नुसते हातवारे, व्याकरण नाही, जगभर सारखेच’ असं म्हणतात, हेही चूक. ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे इंग्रजीच, तरी तिथल्या खुणांच्या भाषा एकमेकांना कळत नाहीत. व्याकरण तर चेहऱ्यावरही असतं. कितीतरी खुणांच्या भाषांत नुसत्या भुवया उंचावल्या की विधानाचा प्रश्न होतो.

‘ओठ बघून सगळं समजतं’ म्हणणाऱ्यांनी आरशासमोर आवाज न काढता पाय, बाय, माय म्हणून बघावं.

राहिलं इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रिया करून कानात बसवायचं ऐकण्याचं यंत्र. जरूर करा, लवकर करा. पण त्याचा बाहेरचा भाग झोपताना काढून ठेवतात. रात्री दचकून उठलेल्या बाळाला ‘मी इथेच आहे’ हे तेव्हा हातांनीच सांगावं लागतं.