कार्ड फॉरमॅट करू नका: शिमग्याचे फोटो आणि एक चुकीचा मेसेज

यंदा शिमगा संपला तसा आमच्याकडे वाडीवाडीच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायला लागला. मेसेज असा: ‘कार्डातून घेतलेले फोटो अर्धे राखाडी किंवा पट्ट्यापट्ट्यांचे आले तर समजा कार्ड गेलं. आधी कार्ड फॉरमॅट करा, चेकडिस्क मारा, मग रिकव्हरी सॉफ्टवेअर लावा, शंभर टक्के फोटो परत. छोटं चित्र दिसतंय म्हणजे फोटो आत शाबूत आहे. कार्ड दमट झालं असेल तर रात्रभर तांदळात ठेवा.’

गुहागरात माझा फोटो स्टुडिओ आहे. हा मेसेज वाचून दोघांनी कार्डं फॉरमॅट केली आणि मग माझ्याकडे आले. तिसऱ्याने तसं करू नये म्हणून हे लिहितोय.

फोटो बिघडला म्हणजे कार्ड गेलं, इथूनच मेसेज चुकतो. लॅपटॉपवर आपण उघडतो ती नक्कल असते, मूळ फाईल कार्डावरच असते. कार्डापासून हार्ड डिस्कपर्यंत वाटेत रीडर (कार्ड ज्यात घालून लॅपटॉपला लावतो ते) आहे, केबल आहे, यूएसबी पोर्ट आहे. यातलं काहीही दगा देऊ शकतं.

खालच्या पाटातला एक मुलगा आला. “दादा, पालखी सहाणेवर आली तेव्हाचे सगळे फोटो असे झालेत,” म्हणाला आणि कार्ड टेबलावर ठेवलं. नशिबाने त्याने कार्डाला हात लावला नव्हता. त्याचाच रीडर लावून मी एकच फाईल दोनदा कॉपी केली. मध्ये कार्ड काढून परत घातलं, कारण तसं केलं नाही तर विंडोज कधीकधी कार्ड पुन्हा न वाचता स्वतःच्या मेमरीतलीच प्रत देतं. एका नकलेत ढोलवाल्यांच्या अंगावर जांभळे-हिरवे पट्टे, दुसरीत पालखीच्या दांड्याखाली सगळं राखाडी. दोन्हींचा एसएचए-२५६ चा आकडा, म्हणजे फाईलच्या मजकुरावरून निघणारा तिचा ठसा, काढला (विंडोजमधल्या सर्टयूटिल या साधनाने फुकट निघतो), तोही वेगवेगळा. मूळ फाईलच बिघडलेली असती तर दोन्ही वेळा सहसा तोच बिघाड त्याच जागी दिसला असता. मग माझा रीडर लावला आणि सगळे फोटो स्वच्छ उतरले. त्याच्या रीडरमध्ये टॉर्च मारून पाहिलं तर पिनांवर हिरवट थर चढलेला. घर समुद्राला लागून आणि रीडर वर्षभर खिडकीत. खाऱ्या वाऱ्याने आपल्याकडे खिडकीचे गज खातात, तिथे रीडरच्या पिना कशा टिकणार?

एवढ्याशा चुकीने अख्खा फोटो का जातो, तेही सांगतो. जेपेगमध्ये, म्हणजे फोटो साठवायच्या नेहमीच्या प्रकारात, चित्राचे छोटे चौकोन पाडलेले असतात आणि प्रत्येक चौकोनाचा सरासरी उजेड आणि रंग आधीच्या चौकोनाशी असलेल्या फरकाने लिहिलेला असतो. मध्ये एक बाइट चुकला की पुढचे रंग सरकतात. राखाडी भाग म्हणजे तिथून पुढचा मजकूर वाचताच आलेला नाही.

‘आधी फॉरमॅट करा’ हा या मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला. क्विक फॉरमॅटमध्ये कुठली फाईल कुठे आहे याची यादी पुसली जाते, फोटोंचा मजकूर बऱ्याचदा जागेवर राहतो. त्यावरूनच लोकांना वाटतं की फॉरमॅट केलं तरी चालतं. पण विंडोजच्या फॉरमॅटच्या चौकटीतली ‘क्विक’वरची खूण काढली, की व्हिस्टापासून पुढच्या सगळ्या विंडोजमध्ये कार्डभर शून्यं लिहिली जातात. मग कुठलंही सॉफ्टवेअर आणा, हाती काही लागत नाही. माझ्याकडे आलेल्या दोघांपैकी एका ताईंनी ‘नीट साफ होऊ दे’ म्हणून ती खूण काढली होती. कार्डात लेकीच्या साखरपुड्याचे फोटो होते. मी चार तास बसलो, एकही निघाला नाही.

बरं, कित्येकदा फॉरमॅटची गरजच नसते. ६४ जीबीचं कार्ड जुन्या रीडरमध्ये घातलं की विंडोज ‘फॉरमॅट करा’ म्हणून विचारतं. ३२ जीबीच्या वरची कार्डं एसडीएक्ससी प्रकारची असतात, आणि हा प्रकार २००९ मध्ये जाहीर झाला. त्याआधीच्या रीडरला ती वाचता येतीलच असं नाही. कार्ड ठणठणीत असतं. तिथे ‘कॅन्सल’ दाबा आणि रीडर बदला.

आता चेकडिस्क, म्हणजे डिस्क किंवा कार्ड तपासून दुरुस्त करायचं विंडोजमधलं साधन. दुरुस्तीला लावलेली चेकडिस्क कार्डावर लिहिते. तुटलेल्या फाईलींचे तुकडे फाउंड नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके फाईली करून टाकते आणि यादीत स्वतःच्या समजुतीने बदल करते. फोटो बाहेर काढण्याआधी हे करायचंच नाही. विंडोज ‘स्कॅन अँड फिक्स’ विचारतं, त्यालाही नाही म्हणा.

रिकव्हरी सॉफ्टवेअरशी माझं भांडण नाही. फोटोरेक फुकट आहे, चांगलं आहे, आणि ते कार्ड फक्त वाचतं. पण निघालेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, त्यांना लॅपटॉपवर फोल्डर द्या. मूळ नावं परत येत नाहीत, आणि तुकड्यातुकड्यांनी लिहिली गेलेली फाईल पुष्कळदा अर्धवटच निघते. शंभर टक्के हमी कुणीच देऊ शकत नाही.

छोटं चित्र दिसण्यावर तर अजिबात विसंबू नका. कॅमेरा फोटोच्या फाईलमध्ये सुरुवातीलाच एक चिमुकली प्रत ठेवतो, बहुधा १६० बाय १२० पिक्सेलची. फाईलचं डोकं शाबूत असलं की फोल्डरमध्ये ती छान दिसते, खाली सगळं गेलेलं असलं तरी. फोटो पूर्ण उघडून, मोठा करून, खालच्या कडेपर्यंत बघितल्याशिवाय कार्ड रिकामं करायचं नाही. त्याच कारणाने ‘कट’ करून फोटो हलवू नका, कॉपीच करा. मध्येच वीज गेली किंवा नक्कल बिघडली तर मूळ फाईल तरी राहते.

आणि तांदूळ. कार्डाला ओल लागली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डबीत ठेवा. तांदळाची भुकटी कार्डाच्या धातूच्या पट्ट्यांवर बसली तर उलट त्रासच.

असं कार्ड आत्ता कुणाच्या हातात असेल तर त्याच्या डाव्या बाजूचं लॉकचं बटण खाली सरकवा, मायक्रो कार्ड असेल तर अडॅप्टरवरचं. कॅमेऱ्यात घालून नवीन फोटो काढू नका. दुसरा रीडर मिळवा, नाहीतर स्टुडिओत आणा. नुसतं वाचून बघायचे मी पैसे घेत नाही.